मागकाढ्या

पाटी ठोकायला आलेल्या माणसाकडे हातोडी नव्हती. दिनकर देवकर घरातून आपली हातोडी घेऊन बाहेर आला, तेव्हा त्याच्या बायकोने, उर्मिलाने, ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आपल्याच दारावर मारायला आपलीच हातोडी कशाला देताय? दगडानं ठोकू दे त्याला."

त्या माणसाने खरंच दगड उचलला. लाल पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द होता: उगम. रस्त्यापलीकडे गावातली माणसं उभी राहून बघत होती. त्यांच्यात उर्मिलाची धाकटी बहीण जयमाला होती, नवऱ्याच्या, हणमंत निकमच्या पाठीमागे. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. शेडंही समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. जयमालाने पाटीकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं नाही.

विट्याच्या पूर्वेला, उताराच्या खडकाळ रानात वसलेल्या बोरजाईत कोंबड्यांशिवाय दुसरा धंदा नव्हता. त्या उन्हाळ्यात पिल्लं रक्त हगून मरायला लागली. रक्ती हगवण गावाला नवी नव्हती, पण तिची लस पिल्लांना पाण्यातून पाजली जायची आणि ती प्यायलेली पिल्लं सहसा तगायची. ही तगत नव्हती. सकाळी चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून बसलेलं पिल्लू दुपारी शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर आडवं झालेलं असायचं. शेडमागून शेड रिकामं झालं, आणि मग सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. हे कुणाकडून आलं?

पूर्वी या प्रश्नाला उत्तर नसे. लोक वाऱ्याला, पाण्याला, नशिबाला बोल लावून मोकळे होत. आता उत्तर देणारं यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. गाव त्याला मागकाढ्या म्हणायचं. चोर किंवा जनावर कुठून आलं ते पावलं बघून सांगणारी माणसं असतात, तसं हे यंत्र चमचाभर तूस वाचून रोग कुठून आला ते सांगायचं.

रक्ती हगवण आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होते. डोळ्यांना न दिसणारे त्याचे कोष विष्ठेतून तुसात पडतात, ओलाव्यात पिकतात आणि दुसऱ्या कोंबडीच्या पोटात जाऊन आतडं फोडत वाढतात. बंद शेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आयमेरिया आपल्या आपल्यातच जुळत राहतो, त्यामुळे त्याच्या जनुकांवर त्या शेडचा ठसा उमटतो. ठसे जुळवले की रोगाची वंशावळ मांडता येते. ही वंशावळ हाती आल्यावर सरकारने उगम नियम आणला. नवा घातक वाण ज्या शेडमध्ये जन्मला ते शेड बंद, उरलेल्या कोंबड्या पुरायच्या, आणि पुढची दोन वर्षं हॅचरीने तिथं पिल्लू द्यायचं नाही.

नियम आला आणि गाव बदललं. शेडच्या तोंडाशी चुन्याचे पट्टे आले. कोष चपलेला, साडीच्या काठाला, सायकलच्या टायरला चिकटून येतात हे सगळ्यांना पाठ झालं. बायकांनी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाणं सोडलं. आजारी पिल्लू कुणी कुणाला दाखवेना.

आणि आता यंत्राने देवकरांचं शेड दाखवलं होतं.

*

डॉ. फिरोज मुजावर विट्याच्या प्रयोगशाळेत बसायचे. मागकाढ्याची पद्धत बसवणाऱ्या मंडळींत ते होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. उर्मिला भांडायला आली आहे हे त्यांना तिच्या पाऊल टाकण्यावरून कळलं असावं, कारण त्यांनी बसा म्हणायच्या आधीच सांगितलं, "यंत्र तीनदा चालवलंय, वहिनी. वाण तुमच्याच शेडमधला आहे."

"माझ्या शेडमध्ये काय आकाशातनं पडला?"

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. दोन रेघा वरून येऊन एका ठिपक्यात मिळाल्या होत्या.

"हा जीव कोंबडीच्या आतड्यात नुसताच फुटून फुटून वाढतो. पण शेवटी त्याच्यात नर-मादी तयार होतात आणि त्यांचं मीलन होतं. दोन वेगळे वाण एकाच वेळी एकाच कोंबडीच्या पोटात गेले, तर त्यांचा संकर होऊ शकतो. तुमच्याकडं तेच झालं. यातली ही रेघ लसीची. लसीत जिवंतच आयमेरिया असतो, पण मवाळ केलेला. तो लवकर पिकतो, त्यामुळं त्याला आतडं फोडायला फार फेऱ्या मिळत नाहीत. दुसरी रेघ कुठल्या तरी जहाल जंगली वाणाची. पोराला एकाकडनं घाई मिळाली, दुसऱ्याकडनं जहालपणा. म्हणून तुमची पिल्लं अशी पटापट गेली."

"म्हणजे लस बाहेरची, आणि हा दुसराही बाहेरचा?"

"दुसरा तुमच्या जुन्या तुसात सापडत नाही. म्हणजे बाहेरनंच आला असणार."

"मग पाटी मला का?"

"जन्म तुमच्याकडं झाला. नियमात आधी जन्माचीच जागा बघतात. पण जहालपणा ज्याच्याकडनं आला तो दुसरा जनक कुठला होता हे सापडलं, तर एक पायरी मागं जाऊन पाटी तिकडं जाते. त्यासाठी मला कुणाचं तरी नाव लागतं. यंत्र घेऊन मी लोकांच्या खताच्या ढिगात शिरू शकत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "ही बॅच लहान असताना दुसऱ्या शेडवरचं माणूस तुमच्याकडं आलं होतं का? नीट आठवा."

आठवायची गरज नव्हती. माघात उर्मिलाची गर्भपिशवी काढली होती. ती पलंगावर पडून असताना जयमाला रोज आपलं शेड उरकून तशीच यायची, साडीवर हणमंतचा जुना फुलशर्ट चढवलेला. उर्मिलाचं अंग पुसायची, टाक्यांवरची पट्टी बघायची, भाकरी थापायची, आणि जाता जाता पिल्लांना पाणीही लावायची. चपला ती चुन्यापाशी न चुकता बदलायची. शर्ट बदलायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

"कोणी नाही आलं," उर्मिला म्हणाली.

*

"कोणी नाही?" रात्रीचं जेवण पुढ्यात असताना दिनकर म्हणाला. "जया रोज येत होती ते मेलो होतो का मी बघायला?"

"आली होती. मला आंघोळ घालायला आली होती."

"मग तेच सांग की."

"कचेरीत सांगू? माझ्या बहिणीनं माझं हगणं-मुतणं काढलं आणि तिच्या अंगाला लागून रोग आला, म्हणून सांगू? तुम्ही त्या दिवसांत कुठं होता? शेडच्या कडेला विड्या ओढत."

दिनकरने ताट सरकवलं. तो भांडणारा माणूस नव्हता. त्याचा राग मुक्याने चालायचा. त्या दिवसापासून तो आपलं ताट घेऊन ओसरीवर जेवू लागला. नवरा-बायकोत कामापुरते शब्द उरले, आणि शेड बंद झाल्यावर कामही उरलं नाही.

कोंबड्या पुरायला माणसं आली ती पांढरे पोशाख घालून. त्यांच्यावर देखरेख करायला पोपटराव निकम आले होते. ते हणमंतचे थोरले भाऊ आणि गावातल्या पोल्ट्री संघाचे अध्यक्ष. हणमंतही होता. उर्मिलाच्या शेडमध्ये जन्मलेला वाण रस्ता ओलांडून त्याच्याही शेडमध्ये गेला होता, त्याची नवी अख्खी बॅच मेली होती, आणि देवकरांविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही त्याचीच होती.

शेडच्या दुसऱ्या टोकाला जाळीपलीकडे काही पिल्लं तरली होती. आता ती पंख फुटून मोठी झाली होती, लालबुंद तुऱ्यांची. उर्मिला म्हणाली, "ही धडधाकट आहेत. रोगातनं उठलेली आहेत, यांना आता काही होत नाही."

"यांना होत नाही, आम्हाला होतं," पोपटराव म्हणाले. मग दिनकरकडे वळून, "बाईच्या हातात शेड सोपवलं की असं होतं, दिनकरराव. स्वच्छता म्हणजे घरचं सारवण नव्हं."

उर्मिलाने रस्त्यापलीकडे पाहिलं. जयमाला आपल्या फाटकाशी उभी होती. दीर काय बोलला ते तिला ऐकू गेलं होतं. ती तोंड फिरवून आत गेली.

कोंबड्या खड्ड्यात गेल्या. उर्मिलाने सगळ्यांवर माती पडेपर्यंत तिथून पाय हलवला नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून बहिणीच्या फाटकाशी गेली. जयमाला पाण्याची भांडी घासत होती.

"तिथंच थांब आक्का. चुना ओलांडू नकोस."

"नाही ओलांडत. काल तुझा दीर बोलला, तू ऐकून घेतलंस."

"मग काय करू? आमची बॅच गेली तुझ्यामुळं. घरात रोज ऐकते मी, तुझी बहीण, तुझी बहीण. आणखी तुझी बाजू घेऊ?"

"माझ्यामुळं?"

"यंत्रच सांगतंय."

उर्मिला हे सांगायला आली नव्हती. पण जयमालाच्या तोंडून 'तुझ्यामुळं' ऐकल्यावर तिचा तोल गेला. तिने सगळं सांगितलं. दोन रेघा, बाहेरून आलेला जनक, माघातले दिवस, हणमंतचा शर्ट. "तुमच्या त्या वेळच्या कोंबड्या मोठ्या होत्या, रोग पचवून मुरलेल्या होत्या, म्हणून त्यांना काही झालं नाही. माझी पिल्लं चार दिवसांची होती. डॉक्टरांनी विचारलं कोण आलं होतं. मी म्हणाले, कोणी नाही. तुझं नाव गिळलं, जया. नवरा माझ्याशी बोलेना झालाय त्यापायी."

जयमालाने हातातलं भांडं खाली ठेवलं. तिला रडू येईल असं उर्मिलाला वाटलं. तसं झालं नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं गिळायला?" ती म्हणाली. "लहानपणापासनं हेच. सगळं तू सोसणार आणि आम्ही तुझ्याकडं मान खाली घालून बघायचं. मी तुझ्याकडं आले ती काय उपकार करायला आले होते, म्हणून तू फेड करतीस?"

"फेड नाही केली मी."

"मग काय केलंस? आता जन्मभर तू माझ्याकडं बघशील ते असंच बघशील. जा तू."

उर्मिला परतली. त्याच दुपारी जयमालाने शेडमागच्या जुन्या खताच्या ढिगात हात घातला, तळातलं तूस डब्यात भरलं आणि कुणाला न सांगता विट्याची गाडी धरली. त्या ढिगात माघातल्या कोंबड्यांची विष्ठा होती, आणि ओलसर जागी कोष वर्षभरही मरत नाहीत. मुजावरांच्या टेबलावर तिने डबा आदळला आणि म्हणाली, "दुसरा जनक यात बघा. नाव लागतं ना? माझं घाला."

*

लाल पाटी रस्ता ओलांडून गेली. या वेळी ठोकणाऱ्याला हणमंतने हातोडीही दिली नाही आणि दगडही उचलू दिला नाही. शेवटी पाटी तारेने बांधावी लागली.

जयमालाचं घर तिच्यावर उलटलं. माहेरची सेवा करायला गेली आणि सासरला रोग लावून आली, असं सासू म्हणे. खरं तर रोग सासरून माहेरच्या माणसाकडे गेला होता, पण ते कोण ऐकतो. हणमंतचा राग वेगळाच होता. "डबा घेऊन जायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं?" तो पुन्हा पुन्हा तेच विचारायचा. पोपटरावांनी सख्ख्या भावाला संघातून काढलं आणि आपल्या आणि त्याच्या घरामधल्या बोळात पत्रे मारून घेतले.

आणि तेच पोपटराव पेढ्यांचा पुडा घेऊन देवकरांच्या ओसरीवर आले. "हॅचरीवाल्याशी बोललोय," ते दिनकरला म्हणाले. "पिल्लं मिळतील. झालं गेलं विसरा. यंत्रानं दूध का दूध, पानी का पानी केलं."

दिनकरच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. उर्मिला आतून आली.

"पुडा उचला," ती म्हणाली.

"अगं, घरी आलेल्या माणसाला..." दिनकरने म्हणून बघितलं.

"घरी आलेला माणूस माझी कोंबडी पुरायला आला तेव्हा काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंय. आज माझ्या बहिणीच्या दारात पत्रा मारून इथं पेढे वाटतोय. उचला पुडा, पोपटराव. नाहीतर गटारात टाकते."

पोपटराव गेले. दिनकर म्हणाला, "सुटलो होतो आपण. तुला सुटायचंच नाही." ती विट्याला जायला निघाली.

*

"आणखी मागं जाता येतं का?" तिने मुजावरांना विचारलं.

"कुठं मागं?"

"जयाच्या शेडमधल्या त्या जहाल वाणालाही जनक असतील की. त्याला कोणी जन्म दिला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "येतं. नियमानं एक पायरी झाली. पुढची पायरी बाधित शेडमालकानं मागितली तरच. तुम्ही बाधित आहात, मागू शकता. पण वहिनी, ऐका माझं. तुमची पाटी निघालीय."

"माहीत आहे."

"आम्ही ही पद्धत लस सुधारण्यासाठी बसवली होती. कुठला वाण कुठं जातो ते कळावं म्हणून. वंशावळ जेवढी मागं न्याल तेवढी ती पसरत जाते. विकायच्या कोंबड्या पकडणारी मजुरांची टोळी एकच, क्रेट तेच, खताची गाडी तीच. मागं गेलात की कोणी सुटणार नाही. फिरून तुमचंही शेड येईल."

"येऊ दे."

"बहिणीला सोडवायला करताय?"

उर्मिलाने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "नाही. पोपटरावांचं तोंड बघायचंय मला."

"नाव कुणाचं घालू?"

"सगळ्यांची घाला. बोरजाईतलं एकूण एक शेड."

*

बातमी गावात पोचायच्या आत खताच्या ढिगांना आगी लागू लागल्या. पोपटरावांचा ढीग सगळ्यात आधी पेटला. पण त्यांचं मागच्या वर्षीचं खत शेजारच्या डाळिंबाच्या बागेत पडलं होतं, ठिबकच्या ओलीत. मुजावरांच्या माणसांनी ते तिथून उचललं, इतरांचंही असंच रानांतून.

संघाची बैठक देवळाच्या मंडपात झाली. उर्मिला एकटीच बाई होती. एरवी तिला ताई, वहिनी म्हणणारी माणसं तिला नावाने हाक मारून बोलत होती. एकाने सांगितलं, बाहेरगावी शिकणाऱ्या तुझ्या लेकीचं लग्न कसं होतं ते बघतो. दुसरा म्हणाला, हिला गावातनं काढा. दिनकर मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने बायकोची बाजू घेतली नाही, पण मागणी परत घे असंही तो म्हणाला नाही. पोपटराव म्हणाले, "आम्ही काय वाकडं केलं होतं तुझं?"

"काल यंत्र खरं बोलत होतं," उर्मिला म्हणाली. "आज का नको झालं?"

तिच्यासाठी बसायला जागा कुणी केली नाही. ती उभ्यानेच ऐकत राहिली आणि उभ्यानेच निघून आली.

निकाल आला. जयमालाच्या शेडमधला जहाल वाण हा स्वतःच संकर होता. त्याचा एक जनक पोपटरावांच्या शेडचा, दुसरा वरच्या आळीतला. पोपटरावांचा आणखी दोघांकडून आलेला. त्यातल्या एकाची रेघ मागे मागे जाऊन देवकरांच्याच शेडमधल्या, प्रयोगशाळेत जपलेल्या पाच वर्षांपूर्वीच्या नमुन्यापर्यंत पोचली. पडद्यावर रेघांचं जाळं झालं होतं आणि त्यात गावातलं एकही शेड मोकळं नव्हतं. प्रत्येकाने घेतलं होतं, प्रत्येकाने दिलं होतं.

नियम तयार करणाऱ्यांनी असं जाळं डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. त्यांनी नियमाचं पालन केलं आणि बोरजाईतल्या सगळ्या शेडांवर लाल पाट्या मारल्या. मग आजूबाजूच्या गावांनी हाच वार आपल्यावर यायच्या भीतीने मुंबईपर्यंत आरडाओरडा केला, आणि पावसाळा संपता संपता उगम नियम स्थगित झाला. मागकाढ्या पुन्हा लसीच्या कामाला लागला. पण तोवर बोरजाईचा हंगाम गेला होता. हॅचऱ्यांनी गावावर फुली मारली. कित्येक घरांतली माणसं कामाला इचलकरंजीकडे गेली. जी राहिली ती उर्मिला समोरून आली की थुंकायची. पोपटराव तिला दिसले की वाट बदलायचे. तेवढं मात्र तिला हवं होतं तसं झालं, आणि ते झाल्यावर तिला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

स्थगितीबरोबर एक हुकूम आला होता: नवी पिल्लं हवी असतील तर प्रत्येकाने शेडमधलं जुनं तूस तळापर्यंत खरडून जाळायचं. मजूर देवकरांकडे यायला तयार नव्हते. दिनकर गेल्या आठवड्यापासून विट्यात एका टेम्पोवर जात होता. तो रात्री घरी येऊन जेवायचा, अजून ओसरीवरच.

उर्मिला एकटीच खरडत होती. उन्हं कलली तेव्हा शेडच्या दारात सावली पडली. जयमाला आत आली, कोपऱ्यातलं दुसरं फावडं उचललं आणि समोरच्या भिंतीपासून सुरुवात केली. तूस खाली दगडासारखं बसलं होतं.

"गावाचं वाटोळं केलंस," जयमाला फावडं न थांबवता म्हणाली.

"केलं."

"लोक म्हणतात, बहिणीसाठी केलं."

"नाही. रागानं केलं. तू डोळ्यांपुढं नव्हतीस."

जयमाला थांबली. तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि बहिणीकडे नीट पाहिलं. पाटी लागली त्या दिवसापासून तिने उर्मिलाकडे असं पाहिलं नव्हतं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "घरात सगळे मला सांगतात, आक्कानं तुझ्यापायी केलं, जा पाया पड. मी म्हटलं, आधी विचारून घेते."

"पाया कशाला पडतीस?"

"नाहीच पडणार."

दोघींनी खरडलेलं तूस घमेल्यांत भरून बाहेर नेलं, ढीग घातला आणि पेटवला. धूर हणमंतच्या शेडकडे वाहत गेला. हणमंत फाटकाशी येऊन बघून आत गेला. ढीग नीट धरेपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या. मग जयमालाने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"उद्या माझं शेड," जाताना ती म्हणाली. "उन्हाच्या आधी ये. आणि घमेली घेऊन ये, आमची फुटलीत."